त्यांनी तुला का ठेवलं नाही

त्या रविवारी बाप्तिस्म्याला अकरा बाळं होती. शेवटच्या कपाळावर पाणी पडल्याबरोबर नोनोयने आपल्या मुलीला कोपराने ढोसलं.

"चल देबी, दाराकडे. आधी बाहेर पडेल ते पोर पुढारी होतं."

"ताताय, त्याला अजून मान नीट धरता येत नाही."

"म्हणून तर तू धरलीयेस. चल."

देबी उंच टाचांच्या चपलांत, तीन महिन्यांच्या झायनला खांद्याशी घट्ट धरून, खरोखरच धावली. ती तिसरी आली. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून नोनोयने नातवाकडे जरा हताशपणे पाहिलं. "तिसरा म्हणजे फार तर गावच्या पंचायतीत सदस्य. माझ्यासारखा."

देबीला हसू आलं, आणि हसता हसताच मघापासून दाबून ठेवलेलं काहीतरी वर आलं. मागे रेने नावाचा इंजिनियर मेणबत्ती विझवून, कुठे ठेवावी ते न कळून, ती हातात धरूनच पायऱ्या उतरत होता. सकाळपर्यंत तिने ह्या माणसाला दोनदाच पाहिलं होतं. आता तो तिच्या मुलाचा नीनोंग होता, जन्मभराचा धर्मपिता. झायन आजारी पडला, शाळेत गेला, लग्नाला उभा राहिला, तरी ह्याच माणसाला बोलावणं जाणार. तिच्या मनात नीनोंग म्हणून दुसराच होता: नवऱ्याचा जहाजावरचा जोडीदार, जो झायन जन्मला त्या दिवशी नवऱ्याची पाळी स्वतः करत तेरा तास उभा राहिला होता. पण तीन आठवड्यांपूर्वी नोनोय म्हणाला होता, "जहाजावरचा माणूस काय कामाचा? इंजिनियर रेनेच्या कंपनीत नेमणुका त्याच्याच हातात आहेत. लीझेलचा विचार कर."

लीझेलचा विचार केला की देबीला नाही म्हणता येत नसे. आतेबहीण असली तरी दोघी एकाच मच्छरदाणीत वाढल्या होत्या. म्हणून तिने हो म्हटलं. आणि नीनोंग व्हायला बोलावलं तर कुणी नकार देत नाही, नकार बाळाला बाधतो, म्हणून इंजिनियरनेही हो म्हटलं. पाणी डोक्यावर पडताना झायन रडला नव्हता, नुसता दचकला होता आणि आईचा चेहरा शोधत राहिला होता. देबीला वाटलं, तुझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट आम्ही दुसऱ्याच्या कामासाठी वापरली रे.

*

जेवणाचं टेबल लीझेलच्या आईने, मिलाने, पुढच्या अंगणात मांडलं होतं. मधोमध भाजलेलं अख्खं डुकर आणि त्याच्या बाजूला तिचा हातखंडा पदार्थ: तुरीचे दाणे, कोवळा फणस आणि मांस, बातवानच्या आंबट फळांत शिजवलेलं. इंजिनियरने दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा तिला पहिल्यांदा बसावंसं वाटलं.

"मनांग मिला, असं आमच्या आईनंतर मी खाल्लं नाही," तो म्हणाला.

"मग आता येत जा की. आता तुम्ही घरचे."

"घरचेच," नोनोय म्हणाला. "नातवाचा नीनोंग म्हणजे आपला कुंपारे, अर्धा भाऊच."

मिलाने भावाकडे पाहिलं. ह्या स्वरात तो बोलला की पुढे काहीतरी येतं, हे तिला पन्नास वर्षांपासून माहीत होतं. लीझेलचे वडील गेले तेव्हा पोरगी दुसरीत होती. त्यानंतर शाळेच्या प्रत्येक समारंभात, मुलीच्या गळ्यात पदक घालायला आईबापांना मंचावर बोलावतात तेव्हा, नोनोय इस्त्रीचा शर्ट घालून मिलाच्या बाजूने चढायचा. एका वर्षी पाच पदकं होती आणि तो पाच वेळा चढला-उतरला, दर वेळी प्रेक्षकांकडे हात हलवत. त्याला काही म्हणणं मिलाला जमत नसे.

"कुंपारे," नोनोयने सर्वांत शेवटी राखून ठेवलेल्या पदार्थाचं झाकण काढावं तसं म्हटलं, "ही लीझेल. माझी भाची. उद्या सकाळी नऊला तुमच्या ऑफिसात मुलाखतीला येतेय. आडनाव वडिलांचं लावते, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल."

इंजिनियरचा चमचा ताटाजवळच थांबला. "उद्या? आमच्याकडे?"

"आराखड्याच्या खात्यातली जागा. कनिष्ठ."

"असं होय," तो म्हणाला. मग बराच वेळ त्याने रुमालाला बोटं पुसली. मिलाला वाटलं, आनंद झाला असावा. लीझेल तिच्या शेजारी बसली होती. तिने भाताची लहानशी वाटोळी ढेप चमच्याने करून ताटात तशीच ठेवली होती.

"अर्ज वाचलाय मी तुझा," इंजिनियर लीझेलला म्हणाला. आवाज मऊ होता, रस्ता कसा होता विचारावं तसा. "मनिलाला तीन महिने इंटर्नशिप केलीस. चांगली कंपनी आहे ती. उमेदवारीची बरीच मुलं ठेवून घेतात. मग त्यांनी तुला का ठेवलं नाही?"

लीझेलने तोंड उघडलं होतं. पण टेबलावरची तीन माणसं एकदमच बोलली.

"त्यांचं सरकारी कंत्राट रद्द झालं," नोनोय म्हणाला.

"माझ्या रक्तदाबामुळे तीच परत आली," मिला म्हणाली.

"ती ठरावीक मुदतीची उमेदवारी होती, पुढे घ्यायची पद्धतच नाही तिथे," देबी म्हणाली. ती शहरातल्या कॉल सेंटरसाठी माणसं निवडण्याचं काम करायची, बाळंतपणाच्या रजेवर होती. तिचं उत्तर सर्वांत सफाईदार होतं.

मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. देबीच्या मोबाइलवर, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला तिचा नवरा कुठल्यातरी समुद्रावरून म्हणाला, "काय म्हणालात? आवाज तुटला."

इंजिनियर हसला. दुष्टपणे नाही. "म्हणजे कंत्राट गेलं, आई आजारी पडली, शिवाय पद्धतही नव्हती. एवढं सगळं एका मुलीला एकाच महिन्यात."

सगळे हसले, सुटल्यासारखे. नोनोय सर्वांत मोठ्याने.

"मी सूप आणते," लीझेल म्हणाली आणि उठली.

मिला तिच्या पाठीकडे पाहत राहिली. रक्तदाबाची गोष्ट तिने मासळीबाजारात इतक्या जणींना सांगितली होती की हल्ली जिना चढताना तिला खरंच धाप लागायची. पण मुलीला तिने कधी विचारलं होतं? मे संपताना फोनवर पोरगी म्हणाली होती, "जागा नव्हती, नानाय." आणि मिलाने "असू दे, घरी ये, फणस पिकलेत" म्हणून फोन ठेवला होता. तेव्हा वाटलं होतं, किती समजूतदार आई आहे मी. आता वाटलं, तिला पुढचं बोलायचं असेल आणि मी फणसाचं बोलले.

सूप काही आलं नाही. थोड्या वेळाने इंजिनियर हात धुवायचं निमित्त करून मागच्या अंगणात गेला, तेव्हा नोनोयने मिलाला डोळा मारला. "बघ. स्वतःहून गेला तिच्याकडे. झालं काम."

*

मागच्या अंगणात नळाजवळ ताटांचा ढीग होता आणि लीझेल त्यापुढे उकिडवी बसली होती. सूपाचं पातेलं चुलीवर तसंच होतं.

इंजिनियरने नळाखाली हात धरले आणि सहज वर पाहिलं. नळावर ऊन येऊ नये म्हणून बांबूंना ताडपत्री बांधली होती. तिच्यावर आतल्या बाजूने, दात दाखवणारं लीझेलचंच भलंमोठं तोंड होतं, डोक्यावर पिवळं हेल्मेट. बाजूला मोठ्या अक्षरांत अभिनंदन, मग 'इंजिनियर लीझेल', मग मनिलाच्या त्या कंपनीचं नाव. आणि उजव्या कोपऱ्यात, तिच्याहून थोडा मोठा, हात जोडलेला नोनोय.

"हे कधीचं?"

"मार्च अखेरचं," ती म्हणाली. "मी फोनवर नोनोय तियोंना सांगितलं की साहेब म्हणाले काम चांगलं करतेस, बहुतेक ठेवून घेतील. चौथ्या दिवशी हा बोर्ड गावच्या वळणावर लागला. फोटो मला पाठवला. चारशे लोकांनी अंगठे दिले होते. तेव्हा मला पदवीपण मिळालेली नव्हती."

"आणि इथे कुणी आणलं?"

"नानायने. जूनमध्ये उतरवलं तेव्हा तियो म्हणाले, फेकून दे. ती म्हणाली, कापड चांगलं आहे. छपाई आतल्या बाजूला घेतली, उन्हाने माझा चेहरा उडू नये म्हणून." तिने ताट पालथं घातलं. "रोज ह्याच्याखाली भांडी घासते."

तो लाकडी ओंडक्यावर बसला. चांगल्या पँटचा विचार न करता. "टेबलावर तीन उत्तरं मिळाली मला. तुझं राहिलं."

लीझेलला वाटलं होतं की कधी सांगायची वेळ आली तर आपण रडू. पण हात साबणात होते आणि शब्द एकामागून एक सरळ आले, जणू तिथेच कुठेतरी ओळीत उभे होते.

"मे महिन्यात शाळेच्या इमारतीचा नकाशा माझ्याकडे होता. तळमजल्याच्या कॉलममध्ये सोळा मिलिमीटरची सळई हवी, मी बारा लिहिली. सोमवारी माझं मलाच सापडलं. नकाशा गुरुवारी बांधकामावर जाणार होता."

"मग?"

"मी सांगितलं नाही. म्हटलं, गुपचूप बदलून ठेवू. पण फाइल साहेबांकडे होती, मला उघडता येईना. मंगळवारी सांगायला गेले, त्यांच्याकडे कोणीतरी बसलं होतं. बुधवारी कोणी नव्हतं. तरी नाही सांगितलं. गुरुवारी सकाळी त्यांनाच दिसलं."

"ओरडले?"

"नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, चूक आम्ही सगळे करतो, म्हणूनच नकाशा चार जण तपासतात. पण तू तीन दिवस माझ्यासमोर बसून जेवत होतीस." तिने नळ बंद केला. "त्यानंतर काम देत होते. चांगलं बोलत होते. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रही दिलं. फक्त ठेवून घेण्याचं कुणी बोललं नाही."

"का नाही सांगितलंस? त्या बुधवारी?"

तिने वर पाहिलं, स्वतःच्या तोंडाकडे. "गावाच्या वळणावर इंजिनियर म्हणून लटकत होते मी. जीपमधून जाणारा येणारा बघत होता. आणि तिथे टेबलापाशी जाऊन काय सांगणार, मला बारा आणि सोळा कळत नाही?"

 पुढच्या अंगणात कोणीतरी कराओके लावलं होतं आणि नोनोय सुरुवातीच्या ओळीतच सूर चुकला होता.

"उद्या हेच सांग," तो म्हणाला. "बारा, सोळा, सोमवार, गुरुवार. जसंच्या तसं. बोर्डाचं सांगू नकोस. बोर्ड तू लावला नव्हतास, पण गप्प तू बसलीस. माणसाला हाताखाली काम देताना आम्हाला तेवढंच बघायचं असतं, की पुढच्या बुधवारी ही बोलेल का."

"तुम्हाला आत्ता सांगितलंच की. उद्या तुमच्यासमोर परत..."

"उद्या मी नसेन."

तिला कळलं नाही.

"आमच्याकडे कागद भरून द्यावा लागतो. उमेदवाराशी रक्ताचं, लग्नाचं किंवा बाप्तिस्म्याचं नातं असेल तर त्या खोलीत बसता येत नाही. आज सकाळी दहापर्यंत माझं तुझ्याशी काही नातं नव्हतं." तो ओशाळल्यासारखा हसला. "तुझ्या तियोंनी मला तीन आठवड्यांपूर्वी बोलावलं तेव्हा भाचीचं नाव सांगितलं असतं, तर मी सांगितलं असतं की आधी मुलाखत होऊ द्या, मग बोलवा. त्यांना वाटलं, आधी घरचा करून घेऊ, मग सांगू."

"मग कोण असेल?"

"दोघं आहेत. मनिलाहून आलेले. कडक आहेत, पण ऐकून घेतात." तो उठला आणि पँट झटकली. "मी असतो तर माझंही मत त्या सळईवर अडलं नसतं. एवढं तुला सांगता येतं. बाकी काही नाही."

त्याने तिच्या हातातलं ताट घेतलं, धुतलं आणि ढिगावर ठेवलं. मग पुढे जाऊन सगळ्यांचा निरोप घेतला आणि झायनच्या कपाळाला बोट लावून गेला.

*

चार वाजता पाहुणे पांगले. नोनोय डुकराचं उरलेलं डोकं वर्तमानपत्रात बांधत होता. त्याचा उद्या सकाळी मिला तिखट रस्सा करणार होती.

"उद्या सात वाजता तयार राहा, इंदाय," तो लीझेलला म्हणाला. "मी सोडतो. आतपर्यंत येतो. कुंपारेला हात करून जातो."

"ते उद्या नसतील, तियो."

"का? बरं नाही त्याला?"

लीझेलने सांगितलं. कागद, नातं, सकाळी दहा. हळू आणि न चिडता सांगितलं. नोनोयने वर्तमानपत्राची घडी घातली, उघडली, परत घातली.

"बाप्तिस्म्याचं नातं धरतात?" त्याने देबीला विचारलं. "तुमच्याकडेही?"

देबी पाळण्याशी बसली होती. "आमच्याकडेही. मला सुचायला हवं होतं, ताताय. मी रोज तेच कागद भरून घेते. पण तुम्ही म्हणालात इंजिनियर रेने, आणि मी फक्त ह्याचाच विचार करत राहिले की झायनच्या बाबांना कसं सांगू." तिने झायनचं दुपटं सारखं केलं. "म्हणजे माझा नीनोंगही गेला आणि तिचा इंजिनियरही."

"तू मला बोल लाव," नोनोय म्हणाला.

"मी लावत नाहीये."

"लाव की. बरं वाटेल."

"भांडू नका," मिला म्हणाली. ती ओल्या हातांनी दारात उभी होती. "दादा, तू एकदाही तिला विचारलंस का, आणि मी तरी? आपण सगळे सगळ्यांना सांगत सुटलो. ती बसलेली होती तिथे. तोंड उघडलं होतं तिने. पाहिलं मी."

नोनोयने बाकावर आपल्या शेजारची जागा झाडली. लीझेल बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, समोर पाहिलं, मंचावर फोटो काढताना पाहायचा तसं.

"मग का ठेवलं नाही त्यांनी तुला?"

तिने सांगितलं. बारा आणि सोळा. सोमवारी सापडलं ते. मंगळवारी कोणी बसलं होतं, बुधवारी कोणी नव्हतं. साहेबांसमोर बसून जेवलेले तीन दिवस. मिलाने हात तोंडाशी नेला नाही, डोळे पुसले नाहीत, नुसती ऐकत राहिली. एवढं तरी ह्या वेळी नीट करू, अशी. देबीने पाळण्याची दोरी थांबवली.

नोनोय सळयांचं सगळं समजून घेत होता, पण त्याला एकच गोष्ट विचारायची होती. त्याला त्या बोर्डाची छपाई आठवत होती. छपाईवाल्याने विचारलं होतं, इंजिनियर लिहू का भावी इंजिनियर? आणि तो म्हणाला होता, भावी कशाला, जागा खातं.

"तू त्यांना सांगितलं नाहीस," तो शेवटी म्हणाला, "म्हणजे... कुणाची लाज वाटली म्हणून?"

"नाही तियो."

"हे झालं कधी? कुठल्या महिन्यात?"

लीझेलने क्षणभर आईकडे पाहिलं. मग त्याच्याकडे वळून, शाळेत पाठ केलेलं म्हणावं तशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "फेब्रुवारीत."

"म्हणजे बोर्डाच्या आधी."

"बऱ्याच आधी. बोर्डाचा काही संबंधच नाही, तियो."

नोनोयने मान हलवली. मार्चच्या तीन तारखेला पहाटे त्यानेच तिला विमानतळावर सोडलं होतं. बॅगेची चेन तुटली म्हणून आपल्या पट्ट्याने ती बांधून दिली होती, आणि परत येताना पँट एका हाताने धरून गाडी चालवली होती. फेब्रुवारीभर पोरगी ह्याच अंगणात होती. संध्याकाळी ह्याच बाकावर बसून अभ्यास करायची आणि तो तिच्या पायाखाली डासांची अगरबत्ती लावायचा.

"बरं," तो म्हणाला. "फेब्रुवारी."

तो उठला. डुकराचं डोकं उचलून मिलाच्या हातात दिलं. आत जायला वळला, उंबऱ्याशी थांबला, आणि मागे न पाहता म्हणाला,

"उद्या मात्र तिथे महिना बरोबर सांग, इंदाय. त्या लोकांकडे कागद असतात."